कोलाडची बाई

निवृत्त होताना गणवेशाबरोबर बहुतेक प्रकरणंही मी मनातून जमा करून टाकली. त्या दगडखाणीचं प्रकरण मात्र माझ्याबरोबर घरी आलं. त्यात गोळीबार नव्हता, पाठलाग नव्हता. वर्तमानपत्रात ते आतल्या पानावर, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली छापून आलं होतं. नावं कोणाचीच देत नाही. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना त्यांचा उपयोग नाही.

तेव्हा मी पेण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कासूजवळ, हायवेपासून आत, एक बंद पडलेली दगडखाण होती. खाण चालू असते तोवर तिच्यातलं पाणी पंपानं उपसत राहावं लागतं. पंप थांबला की दोन पावसाळ्यांत तळं होतं. तसं ते झालं होतं. तीन बाजूंनी उभा काळा कातळ आणि मध्ये स्वच्छ निळसर पाणी. रविवारी मुंबई-पनवेलची मंडळी गाड्या काढून पोहायला यायची. एक तरुण प्रशिक्षक लोकांच्या पाठीवर हवेच्या टाक्या बांधून त्यांना स्कूबा डायव्हिंग शिकवायचा. आपल्या किनाऱ्यावरच्या गढूळ समुद्रात हातभर अंतरावरचं दिसत नाही, इथे तळ दिसतो, असं त्याचं म्हणणं. गावकरी त्यांना 'सिलिंडरवाले' म्हणत. माझ्या हवालदारांनी तो प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "साहेब, शेगडी कुठं ठेवतात ओ खाली?"

आमच्या लेखी ती खाण म्हणजे दर उन्हाळ्यात एखादी अकस्मात मृत्यूची नोंद. एका माननीयांनी मात्र भाषणात तिला पर्यटनस्थळ म्हटलं, त्यामुळे ती पर्यटनस्थळ झाली आणि तिथे जलक्रीडा केंद्राचं उद्घाटन ठरलं. बंदोबस्त आमच्याकडे. दगडाच्या भुकटीवर लाल गालिचा अंथरला होता. फीत बांधायला पाण्याला दार नाही म्हणून काठच्या उथळ पाण्यात दोन बांबू रोवून ती मध्ये बांधली होती. प्रशिक्षकानं बुडी मारून तळाशी आधीच सोडलेला तांब्याचा कलश वर आणायचा आणि माननीयांच्या हाती द्यायचा, असा कार्यक्रम होता.

माननीय वेळेवर आले नाहीत. गर्दी चुळबुळ करू लागली, तेव्हा निवेदकानं प्रशिक्षकाला सांगितलं, "तोवर काहीतरी करून दाखवा." तो खाली गेला आणि चिखलानं भरलेला स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन वर आला.

"पाहुण्यांच्या जेवणाची सोय झाली!" निवेदक माईकवर म्हणाला. लोक हसले. व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसलेला खाणीचा जुना ठेकेदारही हसला. आता तो गावोगावी सत्कार घेणारा मोठा माणूस झाला होता.

हवालदारांनी डबा उचलून अंगठ्यानं पुसला. "साहेब, कडी लावलेली हाय."

मी पाहिलं. टाकून दिलेल्या डब्याला कोणी कडी लावत नाही. झाकणावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. आपल्याकडे लग्नात भांडं देणारा त्यावर स्वतःचं नाव घालून घेतो. दानाची अशी जाहिरात मला कधी आवडली नव्हती, पण त्या दिवसापासून माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. एका गृहस्थाचं नाव होतं आणि खाली 'हमरापूर'.

हमरापुरात घराघरात गणपती घडतात. ते गृहस्थ ओट्यावर मूर्तींना रंग देत होते. डबा हातात घेऊन त्यांनी तो उलटा-सुलटा केला आणि आत हाक मारली, "अगो, जरा भायेर ये."

आतून त्यांची भाची आली. हातात ब्रश तसाच होता. डबा पाहून ती खाली बसली. "ह्यो त्यांचा डबा. दुसऱ्या शिफ्टला नेला हुता."

तिचा जबाब मी तिथेच घेतला. नवरा रोह्याच्या एका रसायन कंपनीत कंत्राटी कामगार. दुसरी शिफ्ट संपली की कंपनीची बस त्याला कासूच्या फाट्यावर सोडायची. तिथे ठेवलेल्या सायकलनं तो खाणीपलीकडच्या गावात, घरी यायचा. तीन-चार वर्षांपूर्वी एका रात्री तो आला नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस गैरहजर असला की याला थांबवून घेत, म्हणून दुपारपर्यंत तिनं कोणाला काही सांगितलं नाही. दुपारी थोरल्या दिराला सांगितलं. तो विचारपूस करायला बाहेर पडला आणि उत्तर घेऊन परतला. भाऊ कोलाडच्या एका बाईबरोबर निघून गेला. मग कोणी शोधलंच नाही. ठाण्यात मिसिंगची नोंद झाली, पुढे शेरा : 'स्वेच्छेने गेल्याची शक्यता'. तुझ्यामुळंच गेला, असं म्हणून सासरच्यांनी तिला मामाकडे आणून सोडलं.

"तसा नव्हता तो," ती म्हणाली.

"कशावरून?" आमच्या खात्याला हे विचारावंच लागतं.

"सायकल पन नाय सापडली. हायवेला उतरला हुता, एस्ट्या जात हुत्या. बाई घेऊन पळनारा सायकल कशाला नेल ओ?"

आमच्या नोंदवहीतल्या शेऱ्यापेक्षा हा तर्क मला बरा वाटला.

प्रशिक्षकाला मी पुन्हा खाली पाठवलं. वर येऊन त्यानं सांगितलं की सगळा तळ सपाट आहे, पण एका कड्याच्या पायथ्याशी दगडांचा ढीग आहे आणि ढिगातून सायकलचं हँडल बाहेर आलं आहे. पंप लावून आठवडाभर पाणी उपसलं. पंचांसमक्ष ढीग हलवला. खाली सायकल, कंपनीचे बूट आणि हाडं मिळाली. कड्याच्या वर जाऊन पाहिलं तर फाट्यावरून गावात जाणारी जुनी गाडीवाट बरोबर तिथे येऊन तुटलेली.

माणूस पडला, इथपर्यंत ठीक. पण दगडांखाली कसा? वरचा कातळ कुठेही ढासळलेला नव्हता. म्हणजे ढीग कोणीतरी घातला होता. ठेकेदार वकिलाला घेऊनच ठाण्यात आला. खाणीत शेकडो माणसं यायची-जायची, कोणी काय केलं मला काय ठाऊक, असं म्हणून चहा पिऊन गेला. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग मी ठरवलं की माणसांची चौकशी पुरे, अफवेची करू. कोलाडची बाई गावात सर्वांना ठाऊक होती, पण पाहिली कोणीच नव्हती. दिराला विचारलं, तुला कोणी सांगितलं? त्यानं न्हाव्याकडे बोट दाखवलं. न्हावी म्हणाला, खाणीच्या रस्त्यावरच्या टपरीत ऐकलं. टपरी एका म्हाताऱ्या बाईंची.

"मावशी, तुम्हाला कोण बोललं?"

"खानीचा मुकादम. मी भजी काढीत हुते, पयलाच घाना."

"सकाळी?"

"व्हय, सकालीच."

"मावशी, इतक्या वर्षांपूर्वीचं. तोच दिवस कशावरून?"

"अवो, दुपारी त्याचा भाव गावात हुडकीत फिरत हुता तवा मीच नाय का म्हनलं, याला आता कलतंय, मला तर सकालीच कललंय!" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता.

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. तो घरी आला नाही हे त्याच्या बायकोनं दुपारपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. प्रश्न निघाला दुपारी आणि त्याचं उत्तर गावात सकाळपासून फिरत होतं.

मुकादमाला ठाण्यात बोलावलं. खाणीचं नावही काढलं नाही.

"त्या बाईचं नाव काय रे?"

"कंच्या बाईचं, साहेब?"

"कोलाडच्या."

"मला काय म्हाईत? डंपरचा ड्रायव्हर बोलला हुता."

"कुठाय तो ड्रायव्हर?"

"गेला यूपीला."

"ड्रायव्हर यूपीला, बाई कोलाडला, मानूस खानीत," हवालदार म्हणाले. "तूच तेवढा हितं घावलास."

मी विचारलं, "त्याच्या बायकोला दुपारी कळलं. तुला सकाळी कसं कळलं?"

खोटं बोलणारा माणूस प्रसंग नीट रचतो, वेळेकडे त्याचं लक्ष नसतं. मुकादमानं पाणी मागितलं, आणि ते पिऊन तो बोलू लागला.

आदल्या संध्याकाळी सुरुंग लावून कडा पुढे नेला होता. त्यात जुनी वाट तुटली. वाटेवर दगड आणि काटे टाकून ती बंद करायला हवी होती. उद्या करू, म्हणाले. सकाळी मुकादम कामावर आला तर खाली सायकल आणि माणूस. शेठला, म्हणजे ठेकेदाराला, बोलावलं. खाणीचा परवाना जाईल म्हणून शेठनं दगड टाकून सगळं झाकायला लावलं. चार दिवसांनी इथला दगड कच्चा आहे असं सांगून काम दुसरीकडे हलवलं आणि पंप बंद केला. पुढचं काम पावसानं केलं.

"आणि ती बाई?"

"शेठ बोलले, बाईचं सांग गावात. बाईचं सांगितलं का पुढं कोन इचारत नाय."

"तू पाहिलास तेव्हा तो जिवंत होता का?"

"थंड हुता, साहेब."

यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ठेकेदाराला अटक झाली. हयगयीनं मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं, अशी कलमं लावली. खटला रेंगाळत चालला आणि कलमांत बसते तेवढी शिक्षा झाली.

पण त्याआधी मी हमरापूरला जाऊन तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "म्हंजे घरला येत हुता."

"हो. घरीच येत होता."

"मग तसं सांगा."

"कोर्टात सांगणारच आहे."

"कोर्टात कोन हाय आमचं? जिथं ते बोलले तिथं सांगा."

अशी तरतूद कुठल्याच नियमावलीत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणि मामांना जीपमध्ये घेतलं. मिरवणुकांचा मला तिटकारा आहे, पण त्या दिवशी टोपीसकट पूर्ण गणवेश घातला. आधी टपरी, मग न्हाव्याचं दुकान. तिथे एकजण अर्ध्या दाढीनं खुर्चीतून उठून उभा राहिला. दोन्हीकडे मी तेवढंच बोललो : हिचा नवरा कुठल्या बाईबरोबर गेला नव्हता, कामावरून घरी येताना तुटलेल्या वाटेवरून खाणीत पडून मेला.

शेवटी दिराचं अंगण. तो म्हणाला, "आमाला काय म्हाईत साहेब, लोक बोलत हुते."

"भावोजी, लोकांचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी बोला."

तो खाली मान घालून म्हणाला, "घरला येत हुता."

"मोठ्यानं."

तो पुन्हा म्हणाला. या वेळी शेजारच्या दारात माणसं आली. ती वळली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

पुढे नव्यानं भरती झालेल्यांना मी एक गोष्ट सांगत आलो. माणूस बेपत्ता व्हावा आणि कारण लगोलग हजर व्हावं, असं घडलं तर आधी त्या कारणाचा जबाब घ्या. ते कोणाच्या तोंडून निघालं आणि किती वाजता, एवढं विचारा. खरं काय घडलं हे कळायला वेळ लागतो, कारण ते कोणी तयार करून ठेवलेलं नसतं. हे मी नोकरीत शिकलो, आणि त्याचा उपयोगही झाला.

दुसरी गोष्ट शिकलो ती परतीच्या वाटेवर. ती कोणाला शिकवता येण्यासारखी नाही. वडखळ मागे पडलं तेव्हा मागच्या सीटवरून तिनं हळू आवाजात विचारलं, "साहेब, ती कोलाडची... खरंच कुनी नव्हती ना?"

अख्ख्या गावात जिनं एकटीनं ते खोटं मानलं, तीच मला विचारत होती.

"नव्हती," मी म्हणालो. "कोणीच नव्हती."

तिनं मान हलवली. हमरापूर येईपर्यंत तिनं ते आणखी एकदा विचारलं.