मागून आवाज, आरशात माणूस

ट्रॉली पुन्हा दुमडली आणि रेखाताईंनी स्टीअरिंगवर थाप मारली.

"सर, हे ट्रॉली माह्यं ऐकतच नाही! डावीकडं फिरवलं का उजवीकडं पळते."

"ती बरोबर पळते ताई. तुम्हीच तिला उलटं सांगताय."

वाशीमला माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. कार शिकवून पोट भरतं, पण खरी मजा येते ती ट्रॅक्टर-ट्रॉलीत. नुसता ट्रॅक्टर मागे घेणं सोपं. ट्रॉली जोडली की मधे हूक येतो आणि सगळा कारभार उलटा होतो. ट्रॉलीची मागची बाजू डावीकडे न्यायची तर स्टीअरिंग आधी उजवीकडे. जरा जास्त फिरलं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली कात्रीसारखे एकमेकांवर मिटतात. यालाच आम्ही ट्रॉली दुमडली म्हणतो. मग पुढे जायचं, सरळ करायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

रेखाताई केनवडच्या. त्यांच्या गावातल्या बायकांच्या गटाने ट्रॅक्टर-ट्रॉली घेतली होती. रेखाताईंकडे ट्रॅक्टरचं लायसन्स होतं, पण ट्रॉली जोडून चालवायची टेस्ट बाकी होती. सोयाबीनची काढणी तोंडावर आलेली. गटाचा माल रेखाताईंनीच मार्केटला न्यायचा, असं ठरलं होतं; मात्र ट्रॉलीचं लायसन्स आधी. टेस्ट गेली तर बाहेरचा ड्रायव्हर बसवणार.

"अन् एकदा बसलेला गडी सीटवरून उठते काय, सर?" हे त्या मला रोज ऐकवत.

मला कोडं पडलं होतं ते वेगळंच. ही बाई शेतात कित्येक वर्षं ट्रॉली मागे लावते. मग माझ्या मैदानावर काय बिघडतं?

"शेतात कशी लावता?" मी विचारलं.

"मामाजी राह्यतात ना मांगं. ते सांगतात, येऊ दे, येऊ दे, बस्स!"

मी कपाळाला हात लावला. मामाजी म्हणजे त्यांचे सासरे. आपल्याकडे गाडी मागे घेणं हे एकट्याचं कामच नाही. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूससुद्धा थांबतो, हात हलवतो, "येऊ द्या, येऊ द्या" करतो आणि चहा न पिता निघून जातो. त्यामुळे आपले ड्रायव्हर आरशावर नाही, कानावर गाडी चालवतात. टेस्टला मागे कोण उभं राहणार?

दुसऱ्या दिवशी मी ट्रॉलीच्या मागे भुश्शाची गोणी ठेवली आणि बाजूला उभा राहून ओरडलो, "येऊ द्या, येऊ द्या!" ताईंनी विश्वासाने ट्रॉली आणली आणि गोणी फोडली.

त्या तावातावाने खाली उतरल्या. "काहून खोटं बोलले तुमी?"

"आरशात गोणी दिसत होती की नाही?"

"पाह्यलंच नाही."

"मग झालं तर."

त्यानंतर मी रोज खोटं ओरडायचो आणि त्या आरशात पाहून मला खोटं पाडायच्या. हळूहळू ट्रॉली ऐकायला लागली. एके दिवशी मागचं चाक चुन्याच्या रेघेला धरून ती अशी सुरेख वळली की मीच शिट्टी मारली. आम्ही दोघेही इतके खूश होतो की टेस्ट कधी येते असं झालं.

टेस्टच्या दिवशी मामाजी सोबत आले. सुनेचं कौतुक पाहायला पांढरं धोतर नेसून मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली उभे. टेस्ट घेणारे आरटीओचे साहेब कमी बोलणारे. "घ्या मागे," एवढंच म्हणाले.

ताईंनी सुरुवात एकदम झकास केली. ट्रॉली टेस्टसाठी रोवलेल्या दोन खांबांमधून आत शिरत होती आणि तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "येऊ दे पोरी, येऊ दे!"

मामाजींना राहवलं नव्हतं. मला वाटलं, आता ही आवाजामागे जाणार. पण ताई आरसा सोडेनात. मी मनातल्या मनात नाचत होतो. तेवढ्यात मामाजी, सुनेला आपण नीट दिसावं म्हणून, दोन्ही हात हलवत सरळ ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहिले.

ताईंनी करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद. मधेच थांबलं की नापास, अशी आमच्या धंद्यात पक्की समजूत. गेली टेस्ट, मी म्हटलं.

त्या उतरून मागे गेल्या. "मामाजी, तुमी आरशात दिसून नाही राह्यले!"

"अवं, मी येऊ दे म्हनून राह्यलो ना!"

"आवाज येते, माणूस दिसत नाही. चिरडून टाकलं असतं तुमाले! जा, तिकडं लिंबाखाली बसा. एक शबुद बोलू नोका."

सून अशी बोलते हे मामाजींनी कधी ऐकलं नसावं. ते मुकाट्याने जाऊन बसले. ताई पुन्हा चढल्या आणि ट्रॉली जिथे लावायची तिथे लावली. खांब हललाही नाही.

साहेबांनी विचारलं, "मधेच का थांबलात?"

"मागचा माणूस आरशातून गेला, साहेब."

"तेव्हा थांबायचंच असतं," साहेब म्हणाले. "पास."

मी टाळीच वाजवली. ताई धावत लिंबाखाली गेल्या. "मामाजी, पास झाली मी!"

मामाजी गप्प.

"बोला ना आता!"

त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग सुनेकडे. "बोलू काय?" आणि असे हसले की सगळं मैदान हसलं.

एवढ्या वर्षांत मी एकच शिकलो आहे. मागून कुणी "येऊ द्या" म्हणालं की गाडी घ्यायची नाही, आधी तो उभा कुठे आहे ते पाहायचं. निघताना मी माझी कार मागे घेत होतो, तर पुन्हा तोच आवाज, "येऊ द्या सर, येऊ द्या!"

मी आरशात पाहिलं. मामाजी चांगले बाजूला उभे होते, धोतर सावरून. मग मी गाडी घेतली.