पाळी आमच्या शाळेची होती

तुमच्या हातचं जेवण टाळून कोणी तुम्हाला 'आपण सगळे एक कुटुंब' म्हटलं, तर तुम्ही काय कराल?

मी पहिल्यांदा हसले होते.

रायपूरबाहेरच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्ग पाच, शिक्षिका मी एकटी. आसपासच्या शाळांनी मिळून एक गट केला आहे. दर महिन्याला पाळीपाळीने एकेका शाळेत बैठक होते. सगळ्यांनी हात वर करून केलेला नियम असा: जिथं बैठक, तिथली रांधणारी बाई जेवण करेल आणि तिथला शिक्षक अध्यक्ष होईल. गटाकडे एक जादा शिक्षक आहे. तो पुढे कोणत्या शाळेत जाईल, हे अध्यक्ष ठरवतो. म्हणून मी पाळीची वाट बघत होते.

गटाचे समन्वयक रायपूरच्या ब्राह्मणपारा वस्तीतले. घराणं मराठ्यांच्या राज्यापासून इथलं. मी मराठी बोलते म्हणून आधी खूश झाले. मग आडनाव विचारलं. मग वडिलांचं गाव. मग गावात घर कोणत्या बाजूला. त्यानंतर माझ्या शाळेत आले की 'आपण सगळे एक कुटुंब' म्हणायचे, पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे.

पाळी आली. आमच्या शाळेत रांधणाऱ्या सुखमतीबाईंनी सकाळपासून भात, डाळ, लाल भाजी, टमाटरची चटणी केली. समन्वयक सरांची गाडी दारापर्यंत आली. आतून जेवणाचे डबे निघाले.

"सर, जेवण तयार आहे."

"अगं, तुले कशाले तकलीफ! शंकर नगरच्या हॉटेलातून मागवलं. आज एकादशी आहे ना."

मी डबा उघडला. पुरी, छोले. वर कांदा.

"एकादशीला पुरी-छोले, वर कांदाही, सर?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "आज कोई अध्यक्ष नहीं। आज से सामूहिक नेतृत्व।"

सामूहिक! मागच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत याच माणसाने कढी बोटं चाटून खाल्ली होती. तिथं अध्यक्षही होता, हारही होता. सामूहिक नेमकं माझ्या पाळीला सुचलं.

सुखमतीबाई दारात उभ्या. हातात पळी.

"कोनो नई खाही का, मैडम?" कोणीच खाणार नाही का?

त्यांची जात वेगळी, माझी वेगळी. टाळलं मात्र दोघींना एकदमच.

माझे वडील रेल्वेत होते. ते घरी चळवळीची पत्रकं आणत, त्यांवर मी वाचायला शिकले. अपमानावर किती वाचलं होतं! पण वाचलेलं वेगळं. हा गाडीतून माझ्या दारात आला होता.

मी जाऊन समोरच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसले.

"बैठक माझ्या शाळेत आहे. अध्यक्ष मी. पहिला विषय जेवण. डबे गाडीत परत जातील, मग दुसरा विषय."

"काहून नाटक करून राहिली, पोट्टी? मी तुले पोरीसारखं मानतो."

"मग पोरीच्या घरचं जेवा."

ते उठले. त्यांच्यामागे बाकीचे उठले. एक शिक्षिका थांबली, मान खाली घालून जेवली. मी तिचे आभार मानले नाहीत. संध्याकाळी मोबाईलवर गटाचा निरोप आला, त्यावर तिनेही हरकत घेतली नाही. निरोप असा: रस्ता खराब असल्यामुळे आमची शाळा पाळीतून वगळली आहे. जादा शिक्षक दुसरीकडे गेला.

रस्ता खराब. गाडी दारापर्यंत आली होती.

आता गोड शब्द ऐकला की मी आधी ताटाकडे बघते. पुढची बैठक जिथं असेल तिथं मी जाणार. सुखमतीबाई सोबत येणार. आम्ही आमची पाळी मागणार. नाही म्हणाले तर पुढच्या महिन्यात परत मागणार. माझ्या पोरांचा शिक्षक मी कोणाच्या मेहेरबानीने आणणार नाही.

तुमच्या भागातही शाळांचा असा गट असेल. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. बैठकीच्या दिवशी जेवणाच्या वेळी तिथं जा. पाळी कोणाची गाळली, हे सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा. आणि त्या गाळलेल्या शाळेत जाऊन, तिथल्या चुलीवरचं मागून जेवा.