दोन सेलच्या टॉर्चमध्ये एकच सेल

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट इतक्या उंचावर होती, की चहा ओतला तर कपात पडेपर्यंत त्याचा खडा व्हायचा. आम्ही चहा चावून खायचो. आता मी लातूरला कोचिंगच्या होस्टेलवर रेक्टर आहे. मेडिकलची तयारी करणारी पोरं हे ऐकून हसतात. हसू द्या. पुढचं ऐकताना हसत नाहीत.

थंडीचा पहिला घाव ड्राय सेलवर पडायचा. सरकारी टॉर्च दोन मोठ्या सेलची, वाकड्या मानेची, आत साधा तारेचा बल्ब. बंकर बर्फात गाडलेले, त्यामुळे भर दुपारीही आत टॉर्च लागायची. गारठलेल्या सेलवर ती विडीच्या टोकाएवढी लाल व्हायची. सेल काखेत धरून झोपायचं, अशी ऑर्डर होती. माझ्या काखेत जेवढे सेल झोपले, तेवढी पोरं अंगणवाडीत झोपली नसतील.

तोड काढली नायक शब्बीरनं. नांदेडच्या इतवाऱ्यातला गडी. घरी गॅसबत्त्या आणि रेडिओ दुरुस्तीचं जुनं दुकान. आमच्या पोस्टवर वायरलेस सेट त्याच्या ताब्यात. मी निलंग्याकडचा, लान्सनायक. दोघं मराठवाड्याचे म्हणून बिछाने शेजारी. कंपनी ऑफिसचा एक लॅपटॉप थंडीनं मेला होता. शब्बीरनं त्याची बॅटरी फोडली. आतून बोटाएवढे लिथियमचे सेल निघाले, बरेचसे जिवंत.

"शिंदे, यातला एक म्हंजे ड्राय सेलचे दोन, अन् वर थोडं," तो म्हणाला. "गारठ्यात लवकर झोपत बी न्हाई."

सेटच्या चार्जरवर एक भरला, टॉर्चला लावला. बल्ब पांढराशुभ्र पेटला आणि गेला.

"झाली दिवाळी," मी म्हणालो.

"बल्ब दोन ड्राय सेलचा हाय, त्याला झेपला न्हाई. तीन सेलच्या टॉर्चचा पाहिजे. अब्बाला लिहितो."

नांदेडहून पार्सल यायला इतके दिवस लागले, की तेवढ्यात लातूरला दोन क्लास निघून त्यांच्या चार शाखा झाल्या. शेवटी बल्ब आले. शब्बीरनं लिथियमचा एक सेल पुठ्ठ्यात गुंडाळून बसवला. दुसऱ्या सेलच्या जागी ॲम्युनिशनच्या पेटीच्या लाकडाचा ठोकळा, करंट जावा म्हणून आरपार खिळा ठोकलेला. त्याला आम्ही डमी म्हणायचो. बटण दाबलं. बंकरातल्या उंदरानं डोळ्यांवर पंजा धरला. निदान मला तसं दिसलं.

नियम एकच. एक सेल, एक डमी. लिथियमचे दोन घातले, तर बल्ब जागच्या जागी जाणार. पोस्टवरच्या तिन्ही टॉर्च आम्ही तशा केल्या.

मग नवे सुभेदार साहेब आले. साताऱ्याचे, शिस्तीचे. दुसऱ्याच सकाळी किट इन्स्पेक्शन. त्यांनी टॉर्च उघडली, ठोकळा तळहातावर घेतला.

"हे काय?"

"डमी, साहेब," शब्बीर म्हणाला.

"टॉर्च किती सेलची?"

"दोन, साहेब. पण हा सेल..."

"आत किती?"

"एक, साहेब."

"दोन पाहिजेत. लाकडाला इथं ड्युटी नाही."

फौजेत जवानांसमोर सुभेदार साहेबांना दुसऱ्यांदा 'पण' म्हणत नाहीत. शब्बीर माझ्या कानात बोलला, "संध्याकाळी एकटे असताना समजावतो. बुजुर्ग माणूस हाय." तेवढ्यात आम्हा दोघांना खालच्या पोस्टवर रॉकेल आणायला धाडलं. मागे साहेबांनी स्वतःच्या हातांनी तिन्ही टॉर्चमध्ये लिथियमचे दोन-दोन सेल भरले. सेल वाया जाऊ नयेत म्हणून बटण दाबून पाहिलं नाही. डमी शेगडीत टाकल्या.

दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही वर येत होतो. डोंगरावरून बर्फ सुटलं. सोबतच्या वायरलेस सेटवर पोस्टवरच्या हवालदाराचा आवाज आला.

"लंगर दबला. सुभेदार साहेब आत. ओव्हर."

"पोचतो. आउट," शब्बीर म्हणाला. लंगर म्हणजे पोस्टचं स्वयंपाकघर.

किल्लारीच्या भूकंपात माझं गाव पडलं तेव्हा मी शाळकरी पोर होतो. ढिगाऱ्यावर कसं वागायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळ्यांना बर्फाला कान लावून आडवं केलं, गप्प केलं. आतून भांडं वाजल्याचा आवाज आला.

आम्ही बीळ खणलं. एक माणूस सरपटेल एवढं, आत वळलेलं, काळंकुट्ट. अंगानं बारीक शब्बीर, तोच शिरला. टॉर्च दाबली. पांढरा लखलखाट, मग अंधार. दुसरी दिली. तेच. तिसरी दाबण्याआधी त्यानं बाहेर येऊन खोलली.

"दोन सेल. डमी कुठं हाय?"

"साहेबांनी जाळल्या," हवालदार म्हणाला.

लंगरातली एक पळी बर्फाबाहेर आली होती. शब्बीरनं कुऱ्हाडीनं तिच्या दांड्याचा तुकडा तोडला, हातमोज्याच्या चिंधीत गुंडाळून दोन्ही टोकं उघडी ठेवली, एक सेल काढून त्या जागी खुपसला. टॉर्च लागली. दिवसासारखी.

वरचं बर्फ करकरत होतं. "थांब जरा, फळ्या लावू," मी म्हणालो.

"साहेब भांडं वाजवून राहिलेत. त्यांला कसं सांगू थांबा म्हणून?"

तो गेला. बऱ्याच वेळानं बिळाच्या तोंडाशी सुभेदार साहेबांचे हात दिसले. आम्ही ओढलं. मागून शब्बीर त्यांचे पाय रेटत होता. साहेब पूर्ण बाहेर आले आणि वरचं बर्फ पुन्हा खाली आलं.

आम्ही खणत राहिलो. दिवस कलला तेव्हा बर्फात एका जागी दुधासारखा उजेड दिसला. तिथंच खाली गेलो. टॉर्च त्याच्या मुठीत होती. शब्बीर उरला नव्हता.

चौकशी बसली. सरकारी टॉर्चमध्ये बदल कोणी केला, असं विचारलं. मी लिहून दिलं, नायक शब्बीर आणि मी, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. शेवटचं वाक्य खोडा, असा मला सल्ला मिळाला. नाही खोडलं. गळ्यात हात बांधलेले सुभेदार साहेब आत आले आणि म्हणाले, "डमी मी जाळल्या. तेही लिहा." माझी बढती अडली. अडू द्या.

नांदेडला आजही कुणीतरी म्हणतं, पोरगं जुगाडापायी गेलं. मी समोर उभा राहून सांगतो, ज्या दोन विझल्या त्या कायद्याप्रमाणे भरलेल्या होत्या. जी लागली ती त्याची. तिच्या उजेडात त्यानं एक माणूस जिता बाहेर काढला, आणि तिच्याच उजेडात आम्हाला तो सापडला.

मी गोष्टी वाढवून सांगतो, हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे. ही वाढवत नाही. हिला गरज नाही.

नायक शब्बीर. इतवारा, नांदेड. हात पुढे, टॉर्च चालू.