मामाचे बॅटरीवरचे पाय

आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा असतो. अशाच एका सणाला गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली आणि थेंबही वाया जाऊ नये म्हणून मी तसाच वर धावलो. व्हॉल्व्ह बंद केला, शेवाळावरून पाय घसरला आणि जिन्याच्या वाटेनं न येता थेट अंगणात उतरलो. पाणी वाचलं. माझा मणका मात्र मोडला आणि कमरेखालचं सगळं कायमचं रजेवर गेलं. पृथ्वी गोल आहे हे पोरांना शिकवण्यात माझी हयात गेली होती. ती कडकही आहे हे त्या दिवशी कळलं.

चाकांच्या खुर्चीतल्या माणसाची एक गंमत असते. लोक त्याच्याशी बोलत नाहीत, खुर्ची ढकलणाऱ्याशी बोलतात. सरांना चहात साखर चालते का, असं माझ्यादेखत माझ्या बायकोला विचारतात, जणू माझे कानही कमरेखालीच होते. तीही बिचारी मला विचारून उत्तर देते. भेटायला येणारे पाहुणे आधी च्च् च्च् करतात, मग आपल्या गुडघेदुखीची सविस्तर हकिकत सांगतात आणि देवाची मर्जी म्हणून पोहे संपवून निघतात.

अशात भाचीचं लग्न ठरलं. धाकट्या बहिणीची ही एकुलती एक पोर. आमच्याकडं मुहूर्ताला गुरुजी माइकवरून पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग मामा नवरीला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. एरवी लग्नात मामाला कोण विचारतं? पण तेवढा वेळ त्याच्याशिवाय लग्न लागत नाही.

आमच्या गावी, करमाडला, भावकी बसली आणि मला न विचारताच ठरवून मोकळी झाली. मामा म्हणून माझा चुलत भाऊ उभा राहणार. तोच मला सांगायला आला. "दादा, तुमी आपलं समोर बसा. पयल्या रांगेत तुमच्यासाठी जागा धरून ठेवतो." माझी जागा मी चाकांसकट सोबत घेऊन फिरतो, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

मला राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. या पोरीनं खुलताबादची जत्रा माझ्या खांद्यावर बसून बघितलेली. तिच्या पाठीशी मीच उभा राहणार, असं मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. कशाच्या जोरावर, ते मात्र कोणी विचारू नये.

जोर सापडला तो जालना रोडवरच्या एका उपचार केंद्रात. तिथं एका कंपनीनं चालवून बघायला म्हणून एक यंत्र ठेवलं होतं. कमरेपासून पावलापर्यंत बांधायचा लोखंडी पायजमा आणि पाठीवर बॅटरीचं दप्तर, असं त्याचं ध्यान. मनगटावरचं बटन दाबलं की गुडघ्यातल्या मोटारी गुरगुरतात आणि माणूस उभा राहतो. तोल सांभाळायला दोन्ही हातांत कुबड्या. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला दिसलं की व्यायाम घेणाऱ्या मॅडम, ज्यांना मी इतके दिवस चांगल्या उंच समजत होतो, त्या माझ्या खांद्याला लागतात. भिंतीवरचं घड्याळ समोर आलं होतं. मी रडलो, आणि घाम आला म्हणून सांगितलं.

चालायची युक्ती सोपी. अंग जरा पुढं झुकवलं की यंत्राला वाटतं माणसाला निघायचंय, आणि ते पाऊल टाकतं. एकदा माझा एक जुना विद्यार्थी तिथं भेटला. तो आता पोटासकट कारखानदार झालाय. मास्तर उभे दिसल्यावर तो गहिवरून पाया पडायला वाकला, मीही सवयीनं आशीर्वाद द्यायला झुकलो, आणि यंत्रानं लगेच त्याच्या दिशेनं पाऊल उचललं. तो बेडकासारखा मागं उडाला. ज्यानं कोणी हे यंत्र तयार केलं, त्याच्या पाया कधी कोणी पडलं नसावं.

मी चालतो ही बातमी गावात पोचली आणि भावकीचं मतपरिवर्तन झालं. केंद्रही लग्नापुरतं यंत्र द्यायला तयार झालं, कारण कंपनीच्या माणसाला त्याचा व्हिडिओ हवा होता. नवरीपेक्षा माझ्या चेहऱ्यावर जास्त हसू असावं, एवढीच त्याची अट. चुलत भावानं कार्यालयात जाऊन बोहल्याला उतार करून घेतला. कुबडी अडकेल म्हणून बहिणीनं सतरंज्या उचलायला लावल्या. जनरेटरची सोय झाली. लग्न लागेपर्यंत दादांच्या पाया कोणीही पडायचं नाय, असा हुकूम सुटला. जेवणात कोशिंबीर कोणती यावर एकमत न झालेली आमची माणसं माझ्या पायांवर मात्र एकदिलानं काम करत होती. नवरदेव काय करतो हे पुष्कळांना माहीत नव्हतं. माझी बॅटरी किती वेळ चालते हे सगळ्यांना पाठ होतं.

लग्न पडेगावच्या एका मंगल कार्यालयात होतं. फेटा बांधून, लोखंडी पायजमा चढवून, मी नवरीच्या खोलीबाहेर उभा राहिलो. अर्धं वऱ्हाड मोबाइल उंचावून माझ्याकडं तोंड करून होतं. ज्यांनी चहातली साखर मला कधी विचारली नव्हती, ते आता, सर, इकडं बघा, म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

गुरुजींनी पुकारलं. दार उघडलं आणि भाची बाहेर आली. मुंडावळ्यांच्या आडून तिनं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि हात पुढं केला.

मामा हात धरून नेतो. ही रीत आम्हाला सांगावी लागत नाही, इतकी ती अंगात मुरलेली. आणि माझे दोन्ही हात कुबड्यांवर होते. एक सोडली असती तर नवरीला घेऊनच आडवा झालो असतो. उतार, सतरंज्या, बॅटरी, पाया पडणारे, सगळ्याचा विचार आम्ही केला होता. सगळी भावकी माझ्या पायांत इतकी गुंतली होती की मामाला हात लागतात हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यात मीही आलो.

चुलत भाऊ म्हणाला की नवरीनं यंत्राचा पट्टा धरावा. कंपनीच्या माणसाला ती शेजारून मोकळी चाललेली जास्त चांगली दिसणार होती. गुरुजींनी दुसऱ्यांदा पुकारलं. भाचीनं हात मागं घेतला. त्याच हातानं शालूचा पदर मुठीत आवळून धरला.

"ऱ्हाऊ द्या मामा," ती म्हणाली. "मी येते तुमच्या बाजूनं."

महिनोन् महिने मी एकाच गोष्टीसाठी घाम गाळला होता, आणि ती गोष्ट त्या क्षणी माझ्या पायांत होती. चार पावलं टाकली असती तर गावानं जन्मभर नाव काढलं असतं. पण पोर घाबरली होती. आईबापाचं घर सोडायला निघालेली ती, आणि मी तिच्यापुढं विजेच्या खांबासारखा ताठ उभा.

"खुर्ची आणा," मी म्हणालो.

बहीण कळवळली. "दादा, मग येवढे दिस कशाला केला तुमी जिवाचा आटापिटा?" यंत्र उतरवायला वेळ नव्हता, म्हणून बटन दाबून ते अंगावर घेऊनच खाली बसलो. कंपनीच्या माणसानं मोबाइल खिशात टाकला. माझ्या जागी उभा राहणार होता त्या चुलत भावानंच खुर्ची ढकलली, आणि भाचीचा हात धरून मी त्या एवढ्या खटपटीनं बांधलेल्या उतारावरून वर गेलो.

खुर्चीतून मला लग्न फारसं दिसलं नाही. समोर भाचीची पाठ, तिच्यापुढं अंतरपाट, आणि त्याच्या खालून नवरदेवाची पावलं. तिनं एक हात मागं माझ्या हातात ठेवला होता. आमच्याकडं मंगलाष्टकं म्हणजे हौशी मावश्यांना माइकची पर्वणी. प्रत्येकीनं घरून यमक जुळवून आणलेलं असतं, आणि मी ती ऐकताना दर लग्नात मनातल्या मनात शिव्या घातल्यात. त्या दिवशी आणखी एखादी मावशी उठावी असं मला वाटत होतं. तिच्या हाताची पकड हळूहळू सैल झाली.

शेवटी वाजंत्री कडाडली, अंतरपाट खाली आला. हार घालायला तिला दोन्ही हात लागणार होते. तिनं माझी बोटं एकदा घट्ट दाबली आणि मग एकेक करून स्वतःच सोडवली. माझ्यानं सुटत नव्हती.