रंगारीणबाईच्या मांडीतले थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीणबाई म्हणत. ती भिंती नव्हे, माणसं रंगवायची. म्हणजे रुग्णालयातून येणारे माणसांचे नखाएवढे तुकडे. ते मद्यार्कात धुवायचे, मेणात बसवायचे, पातळ कापायचे, काचेवर रंगवायचे आणि डॉक्टरांपुढे ठेवण्याआधी भिंगाखाली स्वतः पाहायचे. तिच्या हातच्या काचेला कुणी नावं ठेवली असतील तर शपथ!

स्वतःच्या रक्तातल्या साखरेपुढे मात्र तिने हात टेकले होते. बाई शिडशिडीत, फुंकर मारली तर उडेल अशी. गोड सोडून वर्षं झाली तरी साखर आपली चढतेच आहे. याच साखरेने घरातल्या थोरल्या बहिणीचे डोळे नेले होते. रंगारीणबाईचं तर पोटच डोळ्यांवर चालायचं. नजरेसमोर एखादा काळा ठिपका तरंगला की तिच्या काळजात चर्र होई.

स्वयंपाक ताईकडे. दिसत नसलं तरी ती झोकात रांधायची, आणि गोड तोडल्याची भरपाई लोण्याने करायची. "यात साखर आहे का? नाही ना? मग खा गुपचूप. नुसती हाडं उरलीत तुझी," असं म्हणत पावावर बोटभर थर द्यायची. तळणीतलं तेलही वाया जाऊ देत नसे. दोघींच्या लेखी वैरी एकच होता, साखर.

पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी अभ्यास काढला. साखरेचा त्रास असलेल्यांच्या मांडीतून सुईने स्नायूचा कण घ्यायचा आणि त्यात चरबी शोधायची. रंगारीणबाई म्हणाली, "माझा घ्या. पण काही मिळायचं नाही हं डॉक्टर. जन्मभर स्नायूच पाहतेय. त्याच्या धाग्याच्या आत चरबी मला कधी दिसली नाही."

"दिसेल कशी मावशी? मद्यार्कात तुम्हीच धुऊन टाकता ना?"

रंगारीणबाईने कपाळावर हात मारला. त्या धुण्यात चरबी विरघळते हे तिला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं. रोज आपल्या हातांनी पुरावा धुवायचा आणि वर म्हणायचं, पुरावा कुठाय?

या वेळी तुकडा धुतला नाही. तिने तो गोठवला, गोठलेलाच कापला आणि चरबीला धरणारा लाल रंग दिला. मांडी तिची, हातही तिचाच. तिने भिंगाला डोळा लावला आणि तोंडात बोट घातलं.

धागे ओळीने लागले होते, आणि धाग्याधाग्याच्या आत लाल थेंब. बाहेर नव्हे, आत! जिथे पाहावं तिथे थेंबच थेंब.

"अगं बाई! माझ्यासारख्या काडीत एवढं?"

"थेंब असणं हे पाप नाही," डॉक्टर म्हणाल्या. "धावपटूंच्या स्नायूतही असतात, पण ते जाळतात. तुमच्यात चरबी येते आणि साचून राहते. तिच्यातून जे तयार होतं ते इन्सुलिनचा निरोप अडवतं. इन्सुलिन दार वाजवत राहतं, आत कुणी ऐकत नाही. मग साखर रक्तातच ताटकळते."

"म्हणजे आम्ही दारात उभ्या पाहुणीलाच चोर समजत होतो?"

केसाहून बारीक धाग्यात केवढा हा कारभार! भीती होतीच, पण त्या क्षणी ती भीतीही विसरली. टेबलावरचा चहा निवून गेला.

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. लोण्याच्या भांड्यावरचा ताईचा हात थबकला.

"मीच भरले ना गं ते?"

"तू वाढलंस, मी चाटूनपुसून खाल्लं."

"दिसतात कसे?"

रंगारीणबाईने तिचा तळहात उघडला आणि बोटाच्या टोकाने त्यावर ठिपके दिले, टप टप टप, पार मनगटापर्यंत. ताईचा चेहरा उतरला.

लोण्याचं भांडं घराबाहेर गेलं. तळण बंद झालं, पानात डाळी आणि भाज्या आल्या. बाई कामावर पायी जाऊ लागली, जिने चढू लागली. ताई रोज दारातच विचारायची, "चालत आलीस ना?"

काही महिन्यांनी पुन्हा सुई टोचली. पुन्हा तिनेच कापलं, तिनेच रंगवलं, तिनेच पाहिलं.

त्या संध्याकाळी ताईने काही न विचारता तळहात पुढे केला. रंगारीणबाईने एक ठिपका दिला. मग लांब, करंगळीपाशी आणखी एक. हात उघडाच होता.

"पुढे?"

"एवढेच, ताई."

"साखर?"

"पुरती गेली नाही, पण चांगली उतरलीय."

"आणि डोळे?"

"आज तपासले. शाबूत आहेत."

ताईने ते दोन ठिपके मुठीत मिटले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मग बघ बाई," ती म्हणाली, "माझ्याही वाटचं बघ."