तिरक्या तिकिटांची चौतीस कार्डं

ठसेकाकांनी पोस्टात पस्तीस वर्षं एकच काम केलं. तिकिटांवर ठसे मारायचे. डाव्या हाताने कार्ड पुढे सरकवायचं, उजव्याने ठसा हाणायचा, मिनिटाला साठ. निवृत्त झाल्यावरही जेवताना त्यांचा उजवा हात अधूनमधून टेबलावर आपटायचा आणि काकू म्हणायच्या, "चला, आजची डाक निघाली."

माणूस अगदी नाकासमोर चालणारा. तिकीट उजव्या कोपऱ्यात आणि सरळच हवं. तिरकं दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. "ज्याला एवढंसं तिकीट सरळ लावता येत नाही, तो संसार काय सरळ करणार?" हा निकाल त्यांनी हजारो अनोळखी माणसांना परस्पर देऊन टाकला होता. त्या बिचाऱ्यांना आपल्यावर खटला चाललाय याचाही पत्ता नव्हता.

खालच्या मजल्यावर शिवणमावशी राहायच्या. वय बहात्तर, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवायच्या. येत्या शुक्रवारी त्या कायमच्या भाचीकडे राहायला जाणार होत्या. सोमवारी दुपारी त्या जिना चढून वर आल्या आणि काकांसमोर दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा ठेवला.

"भाऊ, ही माझ्या वडिलांची कार्डं. तुम्हाला जुन्या टपालाची हौस आहे म्हणून आणली. नको असतील तर बंबात घाला. मी बरोबर नेणार नाही."

"असं का, ताई?"

मावशींनी सांगितलं. साहेबाच्या राज्यातली गोष्ट. आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. वडिलांनी त्यांना आत्याच्या पदरात टाकलं आणि आगबोटीवर भट्टीत कोळसा ओढायला गेले, ते परत आलेच नाहीत. बंदराबंदरातून कार्डं यायची. मावशी बारा वर्षांच्या होईपर्यंत उत्तरं पाठवत होत्या, मग त्यांनी सोडून दिलं. त्या पंधराच्या असताना वडील बोटीवरच तापाने गेले.

"प्रत्येक कार्डावर पाच शब्द, बहुतेक वेळा तेच. 'मी कुशल. सर्वांना शुभेच्छा. बाबा.' नऊ वर्षांत त्या माणसाला माझ्यासाठी सहावा शब्द सुचला नाही. मला एवढंच कळायला हवं होतं, मी त्याला हवी होते की नव्हते. आता काय कळणार?"

काकांनी गठ्ठा सोडला. चौतीस चित्रकार्डं. साहेबांच्या फोटोग्राफरांनी टिपलेले बाजार, घाट, पाणके, ओझी वाहणाऱ्या बाया. खाली फोटोग्राफरचं नाव ठळक, फोटोतल्या माणसाचं कुठेच नाही. काकांनी कार्डं उलटी केली. एकावरही तिकीट नव्हतं. मावशींच्या आतेभावाने लहानपणी सगळी पाण्यात भिजवून सोडवली होती, वहीत चिकटवायला.

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण ठसेकाका पोस्टातले जाणकार ना!

"पाच शब्दांचं कारण आहे, ताई. तेव्हा नियमच होता. पाच शब्दांपर्यंतच्या शुभेच्छा असतील तर कार्ड छापील कागदाच्या दराने जायचं, म्हणजे निम्म्यात. सहावा शब्द लिहिला की पुरं तिकीट."

"म्हणजे माझ्यावर निम्मं तिकीट वाचवलं," मावशी म्हणाल्या.

तरीही काकांच्या जिभेला लगाम बसेना. "आणि तिकिटंही वेडीवाकडी लावलेली. हे बघा, ठसा अर्धा तिकिटावर पडतो, अर्धा कार्डावर. तिकीट काढलं तरी शाई जिथे तुटते तिथे त्याची कड कळते. एकही सरळ नाही. माणूस बेफिकीरच दिसतो."

मावशी उठल्या आणि कठडा धरून खाली गेल्या.

काकू आतून सगळं ऐकत होत्या. "मेलेल्या माणसाची तपासणी झाली का पुरी?" एवढं विचारून त्या पुन्हा आत गेल्या. काकांचा चेहरा पडला.

त्यांनी कार्डं बंबात घातली नाहीत. मंगळवारी सकाळी खिडकीपाशी बसून ती तारखेप्रमाणे लावायला घेतली. आपल्या गावी पोचल्याचा ठसा प्रत्येकावर वेगळा, पुरता उमटलेला होता, त्यामुळे काम सोपं होतं. सगळ्यांत आधी आलेलं कार्ड हाती लागलं. त्यावर बाजार नव्हता की घाट नव्हता. तिकिटांच्या ओळी छापल्या होत्या. कुठे तिकीट उजवीकडे कललेलं, कुठे डावीकडे, कुठे आडवं, कुठे कोपऱ्यावर उभं, आणि प्रत्येकाखाली साहेबाच्या भाषेत एक वाक्य. मागे शाईने पाच शब्द: 'हे कार्ड जपून ठेव. बाबा.'

काकांनी एक वाक्य वाचलं, दुसरं वाचलं आणि कपाळाला हात लावला. तो तिकिटांच्या भाषेचा तक्ता होता. अशा तक्त्यांबद्दल त्यांनी जुन्या कारकुनांकडून ऐकलं होतं. तिकीट कसं कलवलं यावरून निरोप कळायचा आणि पोस्टाला एका अक्षराचेही पैसे द्यावे लागायचे नाहीत. आत्याला ती भाषा येत नव्हती, सहा वर्षांच्या पोरीला तर नाहीच. कुणीतरी वाचून दाखवेल असं त्या भाबड्या माणसाला वाटलं असणार. आणि तोवर आतेभावाने तिकिटं काढूनही टाकली.

काकांनी पट्टी घेतली, भिंग घेतलं. दोन दिवस प्रत्येक कार्डावरची तुटलेली शाई जोखली. पस्तीस वर्षं ज्या वाकडेपणावर दात खाल्ले, तोच ते आता जीव ओतून मोजत होते. तीन कार्डांवर ठसा सगळाच तिकिटावर पडला होता, ती मुकीच राहिली. बाकीची बोलली. पण शेवटच्या तीन वर्षांतल्या कार्डांपाशी येऊन काका थांबले आणि त्यांनी काकूंना हाक मारली.

"हे कसं सांगू तिला? जीव दुखेल तिचा."

"सगळं सांगा," काकू म्हणाल्या. "निरोप तिचा आहे. त्यातला अर्धा आपण कोण ठेवून घेणार?"

गुरुवारी दुपारी दोघं खाली गेली. मावशींचं सामान बांधून झालं होतं. उघडी होती ती फक्त शिवणाची मेज.

"ताई, मी चुकलो," काका दारातूनच म्हणाले. "पस्तीस वर्षं चुकलो, आणि सोमवारी तर फारच चुकलो."

त्यांनी तक्ता मेजेवर ठेवला आणि एकेक वाक्य वाचून दाखवलं. तक्ता मुळात प्रेमिकांसाठी छापलेला, त्यामुळे त्यात 'माझ्याशी लग्न करशील का' हेही होतं. मावशींना एकदम हसू फुटलं. "ते कुठे लावलं नाही ना चुकून?"

"नाही हो. चारच वापरली आहेत, अगदी निवडून." काकांनी तारखेप्रमाणे कार्डं मांडायला सुरुवात केली. डावीकडे कललेलं, 'लवकर येतो'. पुन्हा डावीकडे. पुन्हा. मग उजवीकडे, 'तुझी फार आठवण येते'. मग कोपऱ्यावर उभं, 'मला विसरू नकोस'. मावशी प्रत्येक कार्डावर बोट ठेवत होत्या आणि त्यांचे ओठ ते वाक्य पुटपुटत होते. कोळसा ओढून आलेल्या माणसाने काळ्या बोटांनी ही तिकिटं किती जपून कलवली असतील, हे मनात येऊन काकांनी पुढचं कार्ड दोन्ही हातांनी उचललं.

"आणि ही शेवटची, तुम्ही लिहायचं सोडलंत त्यानंतरची." काकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "ही आडवी आहेत. आडव्याचा अर्थ, 'तू का लिहीत नाहीस?'"

"किती आहेत?"

"अकरा."

मावशींनी ती अकरा कार्डं स्वतः मोजली, एकाखाली एक लावली आणि तोंडाला पदर लावला. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काकांना वाटलं, हे सांगायला नको होतं.

बऱ्याच वेळाने मावशींनी डोळे पुसले. चेहरा रडून सुजला होता, पण काकांनी तो इतका हलका कधी पाहिला नव्हता.

"अकरा वेळा विचारलं हो बाबांनी," त्या म्हणाल्या. "आणि मी जन्मभर सांगत फिरले, मला कुणी विचारलंच नाही."

मग त्यांनी चौतीसही कार्डं गोळा केली, तक्ता वर ठेवला आणि खुर्ची काकांच्या जवळ ओढली.

"भाऊ, पुन्हा पहिल्यापासून वाचा. सावकाश."