साठेबाई आणि उस्तादांचा खोकला

त्यांचं खरं आडनाव साठे नव्हतंच. पण लिफ्ट बनवणाऱ्या त्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात सगळे त्यांना साठेबाईच म्हणायचे, कारण बाई काही म्हणता काही टाकून द्यायच्या नाहीत. वाळलेली पेनं, जुन्या इमेल, बंद पडलेल्या यंत्रांची माहितीपत्रकं, सगळं सुखरूप. "लागलं तर?" हा त्यांचा ठरलेला सवाल. आणि अधूनमधून खरंच काहीतरी लागायचं. मग पुढचे आठ दिवस बाईंची मान अशी काही ताठ असायची की विचारू नका.

बाईंचं काम ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायचं. नव्या मेकॅनिकांनी संगणकासमोर बसून चित्रं बघायची, निवेदन ऐकायचं, मध्येमध्ये प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मगच लिफ्टला हात लावायचा. आजवर त्यांनी लहानसहान अभ्यासक्रम केले होते. दरवाजाचा एक, ब्रेकचा एक. या खेपेला साहेब म्हणाले, "बाई, आता अख्खी लिफ्ट होऊ द्या. खालच्या खड्ड्यापासून वरच्या मोटारीपर्यंत."

बाईंच्या अंगात उत्साह संचारला. निवेदनासाठी त्यांनी उस्तादांना पकडलं. उस्ताद म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने मेकॅनिक, निवृत्तीला टेकलेले. आवाज असा खणखणीत की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर तळघरात ऐकू जावी, आणि त्या आवाजाचा त्यांना अभिमानही तेवढाच. पण माइक समोर आला की गडी एकदम गंभीर व्हायचा. कॉलरचं बटण लावायचे, चष्मा चढवायचे आणि कोर्टाचा निकाल वाचल्यासारखं वाचायचे. मध्येच खोकायचे, स्वतःवर चिडायचे, "पुसा हो ते!" म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

बाईंनी पुसलं काहीच नाही. चांगलं वाचन पडद्यावर जोडलं, बाकीचं प्रकल्पाच्या फाईलमध्येच राहू दिलं. लागलं तर?

उस्ताद निवृत्त झाले, बाईंची लिफ्ट मजल्यामागून मजले चढत गेली, आणि अर्ध्यावर येऊन अडकली. फाईल उघडायला एवढा वेळ लागायचा की बाई तेवढ्यात चहा घेऊन, कप विसळून परत यायच्या. मग एक दिवस पडद्यावर चौकट आली: मेमरी अपुरी आहे. चौकट मिटवली तर सगळा प्रोग्रामच मिटला, आणि सकाळपासूनचं कामही त्याच्याबरोबर गेलं.

बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, ऑफिसातल्या संगणकांचे. कुठल्याही दुखण्यावर आधी एक सुस्कारा सोडायचा ही त्यांची पद्धत. सुस्कारा सोडून त्यांनी संगणकाला जास्तीची मेमरी बसवून दिली. फाईल झर्रकन उघडली. बाई इतक्या खूश झाल्या, इतक्या खूश झाल्या की त्याच आनंदात त्यांनी आणखी चार व्हिडिओ आत घातले. पुन्हा चौकट.

घरी नवऱ्याचं जिणं अवघड झालं. "ते पत्त्यांचं बंद करा आधी, माझी फाईल उघडतेय!"

"अगं, मी माझ्या फोनवर खेळतोय. तुझा लॅपटॉप तिकडे आहे."

"तरीसुद्धा!"

बिचाऱ्यानं फोन खिशात ठेवला. न जाणो.

शेवटी साहेबांना अभ्यासक्रम दाखवायचा दिवस उजाडला. सगळे पडद्यासमोर जमले. लिफ्टचा दरवाजा उघडला, उस्तादांचा आवाज घुमला, "सर्वप्रथम सुरक्षिततेची..." आणि पडदा काळा. साहेब हसले. ते रागावले असते तर बाईंना परवडलं असतं. "बाई," साहेब म्हणाले, "ही लिफ्ट शिकवायची आहे की नवे मेकॅनिक आत कोंडायचे आहेत?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि डॉक्टरांना समोर बसवलं. "सुस्कारा नंतर सोडा. आधी मला समजेल असं सांगा."

डॉक्टर म्हणाले, "हा प्रोग्राम कामाला बसला की फाईलमधलं असेल नसेल ते सगळं टेबलावर मांडतो. टेबल म्हणजे मेमरी. मी टेबल मोठं करून दिलं, तुम्ही आणखी सामान आणलंत. आता हे बघा, हा नटबोल्टाचा फोटो. पडद्यावर दिसतो बोटाएवढा, पण आत आहे भिंतीवर लावण्याएवढा. आणि पडद्यावरून काढलेलं तुम्हाला गेलं असं वाटतं ना? ते कुठेही गेलेलं नाही. फाईलच्या लायब्ररीत, म्हणजे आतल्या कोठारात बसलंय. उस्तादांचे खोकलेसुद्धा."

"सगळे?"

"सगळे. काढून टाका. आणि अख्खी लिफ्ट एका फाईलमध्ये कशाला? तुकडे करा. खड्डा वेगळा, मोटार वेगळी. वर एक अनुक्रमणिकेचं पान. एका वेळी एकच तुकडा उघडेल."

"लागलं तर?" बाई म्हणणारच होत्या. पण पडद्यासमोर हसणारे साहेब आठवले आणि त्यांनी पदर खोचला.

फोटो लहान करणं सोपं गेलं. तुकडेही पडले. खरी परीक्षा होती ती टाकाऊ आवाजांची. न ऐकता पुसायला हात धजेना, म्हणून त्यांनी कानाला हेडफोन लावले आणि एकेक ऐकत पुसायला घेतलं. खोकला, पुसला. "हे काय लिहिलंय, वाचता येत नाही", पुसलं. आणि मग एका तुकड्यात कागद बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि उस्ताद त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लागले.

"बाई, हे वाचून पोरांना काय कळणार? खड्ड्यात उतरायचं तर आधी बटण दाबून वीज तोडायची, आणि तोडली म्हणून विश्वास ठेवायचा नाही. लिफ्ट हलते का, चालवून बघायचं. माझा जोडीदार म्हणायचा, तोडली रे, उतर. मी म्हणायचो, तू उतर, मी बघतो. भांडायचो आम्ही. म्हणून दोघंही धडधाकट निवृत्त होतोय. खो: खो: खो: ... पुसा हो ते!"

बाईंचा हात तिथेच थांबला. असे तुकडे एक नाही, पुष्कळ निघाले. त्या खुर्चीत एकट्याच हसत होत्या, मध्येच डोळे टिपत होत्या. मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, मन घट्ट करून चांगली म्हणून ठेवलेली वाचनं पुसली आणि वाया गेलेली जोडली.

उस्तादांना विचारल्याशिवाय हे पुढे न्यायचं नव्हतं. ते आले, हेडफोन लावला, आणि चेहरा पडला. "बाई, माझा खोकला ठेवलात?"

"थोडा काढला."

"आणि ती कोर्टासारखी वाचलेली कुठं गेली?"

"तुम्हालाही कोर्टच आठवलं ना?"

उस्तादांनी पुन्हा ऐकलं. जोडीदाराच्या भांडणाशी पोचल्यावर स्वतःच खदखदून हसले. "राहू दे," म्हणाले, "पण त्याला कळवा हं, नाहीतर तो म्हणेल मी त्याची बदनामी केली."

अभ्यासक्रम सुरू झाला. एकेक तुकडा टिचकीसरशी उघडायचा. नवे मेकॅनिक खड्ड्याचा भाग पुन्हा पुन्हा ऐकतात असं लक्षात आल्यावर साहेबांनी सरकत्या जिन्यांचाही अभ्यासक्रम सांगितला, आणि आवाज उस्तादांचाच हवा म्हणाले.

उस्ताद गळ्याला मफलर गुंडाळून, घसा शेकून हजर. माइक पाहताच कॉलरकडे हात गेला, चष्मा चढला, कागद उभा धरला.

"अजून सुरू नाही केलंय, उस्ताद," बाई म्हणाल्या. "यंत्र तापतंय. तोवर मला नुसतं सांगा, जिन्यात बूट अडकला तर काय करायचं?"

"बूट? अहो, एकदा काय झालं..." उस्तादांनी कागद मांडीवर ठेवला. रेकॉर्डिंग चालू असल्याचा यंत्राचा लाल दिवा त्यांच्या समोरच लागलेला होता. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मफलर सैल केला आणि बाईंकडे वळून बसले.